कंपास आणि रेघांची 7×50 दुर्बीण: डॉल्फिन मोजणाऱ्यांसाठी

गेल्या हंगामापासून ही दुर्बीण माझ्या गळ्यात आहे: 7 पट मोठं दाखवणारी, 50 मिलिमीटर भिंगाची, आत अंतर मोजायच्या आडव्या रेघा आणि दिशा दाखवणारा कंपास असलेली. नुसते डॉल्फिन बघायचे असतील तर हिच्यापेक्षा हलकी आणि स्वस्त दुर्बीण घ्या. मोजायचे असतील तर मात्र हिच्यावर पैसे खर्च कराच.

सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर हंपबॅक डॉल्फिनची संख्या काढणं हे माझं काम. ठरलेल्या रेषेवरून होडी न्यायची आणि दिसलेला प्रत्येक कळप त्या रेषेपासून किती लांब होता ते लिहायचं. नजरेतून किती निसटले, याचा हिशोब या अंतरांवरूनच लागतो. तो हिशोब करणारं सेंट अँड्र्यूज विद्यापीठाचं 'डिस्टन्स' सॉफ्टवेअर फुकट मिळतं, पण सगळी अंतरं 10 टक्क्यांनी कमी धरली तर घनता, म्हणजे दर चौरस किलोमीटरमागे डॉल्फिनची संख्या, 11 टक्क्यांनी फुगते. हे डॉल्फिन आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीत संकटग्रस्त आहेत. तिथे असा फुगलेला आकडा जाणं मला अजिबात चालत नाही.

आचऱ्यासमोर तांडेल ओरडतो, "थंय बघा, दोन वर इले!" दुर्बीण डोळ्याला लावायची, सर्वांत वरची रेघ क्षितिजावर टेकवायची आणि डॉल्फिन कितव्या रेघेवर आहे ते वाचायचं. माझ्या दुर्बिणीत दोन रेघांमध्ये 5 मिलिरेडियनचा (सुमारे 0.3 अंशांचा) कोन आहे. डोळे पाण्यापासून 3 मीटर उंच असतील तर एक रेघ खाली म्हणजे सुमारे 500 मीटर आणि अर्धी रेघ खाली म्हणजे जवळजवळ 900. म्हणून होडीच्या टपावर उभं राहायला मिळालं तर सोडू नका. उंची वाढली की रेघा जास्त खरं बोलतात.

रेघांपेक्षाही मला कंपास मोलाचा वाटतो. रेघांवरून होडीपासूनचं अंतर कळतं; रेषेपासूनचं अंतर काढायला डॉल्फिन होडीच्या दिशेपासून किती अंशांवर आहे तेही लागतं. अंदाजाने कोन सांगताना माणसं समोरच्या प्राण्याला सर्रास 'शून्य अंश' म्हणून मोकळी होतात. 500 मीटरवरचा डॉल्फिन खरं तर 10 अंशांवर असेल तर तो रेषेपासून 87 मीटर लांब असतो. इथे कंपासचा आकडा त्याच चौकटीत डोळ्यासमोर असतो, गोल करायचा मोहच होत नाही. फक्त इंजिनापासून लांब उभे राहा, लोखंडाने सुई भरकटते.

कोकणात अडचण येते ती क्षितिजाची. हे डॉल्फिन उथळ पाण्यात, किनाऱ्यालगत फिरतात. जमिनीच्या बाजूला पाहिलं की क्षितिजाच्या जागी डोंगर येतो. मग रेघ किनाऱ्याच्या कडेवर टेकवायची आणि होडीपासून किनाऱ्याचं अंतर जीपीएसवरून वेगळं काढायचं. एप्रिल-मेच्या धुरकट हवेत समुद्राकडचं क्षितिजही पुसट होतं, तेव्हा मी वाचन घेतच नाही. वजन दीड किलोच्या आसपास आहे, दुपारपर्यंत मान धरते, त्यामुळे रुंद पट्टा वेगळा घ्या. 10 पटीची मात्र घेऊ नका, लाटांवर रेघ स्थिर राहत नाही.

घेतल्यावर आधी बंदरात जा. नांगरलेल्या होड्यांची अंतरं जीपीएसने मोजा, रेघांशी ताडून बघा आणि तो तक्ता वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा.