मंगळावर तग कोण धरेल: बॅसिलसचा बीजाणू की डायनोकॉकस?

खानापूरच्या जांभ्या मातीत बॅसिलस सबटिलिस हा जीवाणू सहज सापडतो. एक ग्रॅम माती नळीतल्या दहा मिलिलिटर निर्जंतुक पाण्यात ढवळा, नळी गरम पाण्यात 80 अंशांवर दहा मिनिटे ठेवा. साध्या पेशी मरतात, बीजाणू, म्हणजे जाड कवचात झोपलेल्या पेशी, उरतात. ढेकळे फोडली नाहीत तर आतपर्यंत उष्णता पोचत नाही आणि निकाल फसतो. तापमान बाहेरच्या पाण्याचे नव्हे, नळीतल्या पाण्याचे मोजा.

बीजाणूत पाणी अत्यल्प, म्हणून तो कोरडेपणा आणि थंडी सोसतो. अतिनील किरण मात्र त्याला मारतात, आणि मंगळावर ओझोनचा आडोसा नाही. अवकाशात सुमारे सहा वर्षे ठेवलेले बीजाणू टिकले, ते सावलीत होते म्हणून.

1956 साली डबाबंद मांसात सापडलेला डायनोकॉकस हा जीवाणू 5000 ग्रे (ग्रे हे किरणोत्साराच्या मात्रेचे एकक) किरणोत्सारातही तुटलेला डीएनए सांधतो. माणूस मरायला 5 ग्रे पुरतात. अवकाश स्थानकाबाहेर त्याचे अर्धा मिलिमीटर जाडीचे थर तीन वर्षे जगले: वरच्या मेलेल्या पेशींनी खालच्यांना झाकले.

नुसते टिकायचे असेल तर आमचे मत बीजाणूच्या बाजूने, पण मातीखाली. जुळवून घेणे ही वेगळी गोष्ट आहे. त्यासाठी पेशी विभागली पाहिजे, आणि झोपलेला बीजाणू विभागत नाही. बॅसिलसच्या पेशी प्रयोगशाळेत 5 किलोपास्कल दाबाखाली हजार पिढ्या वाढवल्यावर त्या दाबात अधिक चांगल्या वाढू लागल्या. मंगळावरचा दाब जेमतेम 0.6 किलोपास्कल. बेळगावात पाणी शंभरच्या थोडे खालीच उकळते, मंगळावर शून्याच्या आसपास, म्हणून ते द्रवरूपात टिकत नाही. डायनोकॉकसचीही अडचण तीच: सांधकामाला ओलावा लागतो.