डेस्कटॉप सपोर्ट ते सर्व्हर टीम: एझेड-८०० आणि आरएचसीएसए, वर्षभराच्या वापरानंतर

पुण्यातल्या एका आयटी कंपनीत डेस्कटॉप सपोर्टला काही वर्षं काढल्यावर मी दोन सर्टिफिकेशन्स केली. आधी मायक्रोसॉफ्टचं विंडोज सर्व्हर हायब्रिड ॲडमिनिस्ट्रेटर (त्याच्या परीक्षा एझेड-८०० आणि एझेड-८०१), मग लिनक्सवाल्या रेडहॅट कंपनीचं आरएचसीएसए, म्हणजे लिनक्स सर्व्हर सांभाळण्याचं सर्टिफिकेशन. सर्व्हर टीममध्ये येऊन आता वर्ष होत आलंय. परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी लिहिलेले अनुभव पुष्कळ वाचायला मिळतात, पण त्यातलं रोजच्या कामात किती उतरतं हे कळायला वेळ जावा लागतो. म्हणून आत्ता लिहितेय.

मायक्रोसॉफ्ट आधी घेतलं, कारण आमचे सगळे युजर ॲक्टिव्ह डिरेक्टरीवर होते, म्हणजे कंपनीचे युजर आणि पीसी एका जागेवरून सांभाळणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या यंत्रणेवर. त्या एकत्र सांभाळलेल्या युजर-पीसींच्या गटाला डोमेन म्हणतात. डेस्कटॉपवाला माणूस डोमेनमध्येच वावरत असतो, फक्त खालच्या बाजूने. पीसी आणि डोमेनमधली 'ट्रस्ट रिलेशनशिप' तुटल्याचा एरर आला की आपण पीसी वर्कग्रुपमध्ये, म्हणजे डोमेनबाहेर, टाकतो, रिस्टार्ट करतो, पुन्हा डोमेनला जोडतो आणि तिकीट क्लोज करतो. पण युजरसारखाच मशीनलाही डोमेनमध्ये स्वतःचा पासवर्ड असतो. मशीन तो दर ३० दिवसांनी आपणहून बदलतं. जुन्या इमेजवरून किंवा स्नॅपशॉटवरून (मशीनच्या आधी साठवलेल्या प्रतीवरून) रिस्टोअर केलं, की मशीनकडे जुना पासवर्ड राहतो, डोमेन कंट्रोलरकडे (डोमेनमधलं लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरकडे) नवा, आणि दोघांचं जमत नाही. हे 'का' मला एझेड-८०० च्या तयारीत मिळालं आणि तेच सगळ्यात जास्त उपयोगी पडलं. घड्याळाचंही तसंच. डोमेनमध्ये लॉगिनची ओळख पटवणाऱ्या करबेरॉसला दोन मशीन्सच्या वेळेत डीफॉल्टने ५ मिनिटांपर्यंतचाच फरक चालतो. एका शाखेत सकाळी कोणाचंच लॉगिन होईना, तेव्हा मी पासवर्डच्या मागे न लागता थेट डोमेन कंट्रोलरची वेळ पाहिली. तीच पुढे गेली होती.

या सर्टिफिकेशनसाठी मी एझेड-८०० आणि एझेड-८०१ या दोन्ही परीक्षा दिल्या. ८०१ मधला फेलओव्हर क्लस्टर (एक सर्व्हर पडला की दुसरा काम उचलतो) आणि डिझास्टर रिकव्हरीचा भाग चांगला आहे, पण ॲझ्युअर आर्क (आपले सर्व्हर मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमधून सांभाळायची सोय) वगैरे आमच्याकडे अजून आलेलं नाही, त्यामुळे ते विसरायला झालंय. मोठी उणीव म्हणजे माझ्या दोन्ही पेपरांत बहुतेक प्रश्न पर्याय निवडायचेच होते. वर पेपर चालू असताना मायक्रोसॉफ्ट लर्न ही त्यांची माहितीची साइट उघडायला परवानगी असते. वाचून समजलेला माणूस पास होतो, हात चालतोच असं नाही.

रेडहॅटची फी मायक्रोसॉफ्टच्या एका पेपराच्या कितीतरी पट आहे. खिशाला जाणवते, तरीही दोघांतलं एकच घ्यायचं असेल तर मी आरएचसीएसए सांगेन. इथे प्रश्न नसतात, कामं असतात. समोर चालू मशीन्स, इंटरनेट नाही, मदतीला फक्त मॅन पेजेस, म्हणजे मशीनमध्येच असलेली कमांड्सची माहिती. ३०० पैकी २१० गुण लागतात. आणि केलेली प्रत्येक गोष्ट रीबूटनंतर टिकली पाहिजे. सर्व्हिस सुरू केली पण एनेबल केली नाही (म्हणजे रीबूटनंतर आपोआप सुरू होईल असं केलं नाही), तर गुण गेले. सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या हे सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलमध्ये एक ओळ चुकली तर मशीनच इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतं. ही एक अट माणसाला सर्व्हरवाला बनवते. डेस्कटॉपवर 'आत्ता चालतंय' एवढं पुरतं. सर्व्हरवर मात्र रात्री पॅचिंगनंतर (अपडेट्स टाकल्यावर) तो उठला पाहिजे, तेही कोणी शेजारी नसताना.

रोज काय लागतं? एलव्हीएम, म्हणजे लिनक्समध्ये डिस्कची जागा हवी तशी वाटायची सोय, जवळजवळ दर आठवड्याला. लॉगने व्हार (लॉग वगैरे साठतात तो फोल्डर) भरला की चालू सर्व्हरवर व्हॉल्यूम वाढवायचा. एक्सएफएस ही रेडहॅटची नेहमीची फाइल सिस्टिम वाढवता येते, कमी करता येत नाही, म्हणून मोकळी जागा एकदम देऊन टाकायची नाही. दुसरं एसई-लिनक्स, म्हणजे प्रत्येक फाइलला लेबल लावून कोणत्या प्रोग्रामला ती उघडता येईल हे ठरवणारी सुरक्षा. ॲप्लिकेशन टीमचा पहिला आग्रह असतो, "ते बंद करून टाका ना." बहुतेक वेळा कोणीतरी होम फोल्डरमधून फाइल वेब फोल्डरमध्ये मूव्ह केलेली असते. मूव्ह करताना जुनं लेबल सोबत येतं, कॉपी केल्यावर नव्या जागेचं लागतं. रीस्टोअरकॉन ही लेबल दुरुस्त करणारी कमांड चालवली की काम होतं. ऑडिट लॉग (कोणाला काय नाकारलं याची नोंद) दाखवून हे समजावून सांगता येणं मला फार मोलाचं वाटतं.

लॅबसाठी १६ जीबी रॅमचा लॅपटॉप आणि एसएसडी पुरली. विंडोज सर्व्हरची इव्हॅल्युएशन (चाचणीची आवृत्ती) १८० दिवस चालते. रेडहॅटचं डेव्हलपर सबस्क्रिप्शन व्यक्तीला १६ सिस्टिम्सपर्यंत फुकट आहे. दोन डोमेन कंट्रोलर आणि दोन लिनक्स मशीन्स उभी करा. मग मुद्दाम मोडा. डीएनएस (नावावरून मशीनचा पत्ता शोधणारी सेवा) बंद करा, रूटचा (लिनक्सच्या मुख्य ॲडमिनचा) पासवर्ड विसरल्यासारखा बदला, डिस्क काढून घ्या.

डम्पबद्दल, म्हणजे परीक्षेतल्या चोरलेल्या प्रश्नोत्तरांबद्दल, मनापासून सांगते, हात लावू नका. नियमभंग तर आहेच, पकडलं गेल्यास सर्टिफिकेट रद्द होतं. पण त्याहून वाईट वेळ इंटरव्ह्यूत येते. मला विचारलं होतं, "युजरला लॉगिन होत नाही, डोमेन कंट्रोलर पिंग होतोय (नेटवर्कवर उत्तर देतोय), पुढे काय बघशील?" डम्पवाल्याकडे याला उत्तर नसतं. तसंच, क्लासच्या जाहिरातीत एमसीएसए हे मायक्रोसॉफ्टचं जुनं सर्टिफिकेशन दिसलं तर पैसे भरायच्या आधी विचारा. त्या परीक्षा जानेवारी २०२१ मध्येच बंद झाल्या.

बाकीचं थोडक्यात. कॉम्पटियाचं ए प्लस हे सर्टिफिकेशन डेस्कटॉपला येणाऱ्यांसाठी आहे, तुम्ही ते काम आधीच करताय, वगळा. सिस्कोचं नेटवर्किंगचं सीसीएनए चांगलं आहे, पण सबनेटिंग, व्हीलॅन (नेटवर्कचे छोटे भाग पाडायच्या पद्धती) आणि डीएनएस पक्कं असेल तर सर्व्हरच्या पहिल्या नोकरीसाठी अडत नाही. एझेड-१०४ ही मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युअर क्लाउडची परीक्षा, कंपनी खरोखर क्लाउडवर जात असेल तेव्हा. आणि निवडण्याआधी आपल्याच सर्व्हर टीमला विचारा की रॅकमध्ये, म्हणजे आपल्या सर्व्हरवर, काय चालतं. सगळं विंडोज असेल तर लिनक्सचा सराव ऑफिसात होणार नाही, तो घरीच करावा लागेल.

आरएचसीएसए ३ वर्षं टिकतं. मायक्रोसॉफ्टचं दरवर्षी ऑनलाइन, फुकट रिन्यू होतं, पण मुदत संपायच्या आधीच्या सहा महिन्यांतच. ती गेली तर पुन्हा पूर्ण परीक्षा, म्हणून तारीख कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा.