ऑक्टेव्हिया व्हीआरएसला ३ इंची कॅट-बॅक: किट चांगलं, खरी कसोटी बसवण्याची

स्कोडा ऑक्टेव्हिया व्हीआरएस २३० भारतात २०१७ साली आली. २.० टीएसआय टर्बो पेट्रोल इंजिन, २३० पीएस, ३५० एनएम, सहा गिअरचा डीएसजी, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. एमएच-१९ आणि एमएच-१८ पासिंगच्या ज्या थोड्या गाड्या आहेत, त्यांच्या मालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: मूळ सायलेन्सर फार मुका आहे, काय बसवायचं? हा आढावा ३ इंची, एसएस ३०४ या स्टेनलेस स्टीलच्या, रेझोनेटेड (म्हणजे घुमघुम दाबणारी रेझोनेटरची डबी असलेल्या) कॅट-बॅक सायलेन्सर किटचा आहे, आणि ते जळगाव-धुळ्याकडे बसवून घेण्याच्या कामाचाही. दोन्हींचा निकाल वेगवेगळा लागतो.

आधी निकाल. आवाजाला दहापैकी आठ, धातूला नऊ, आणि ताकद वाढेल या आशेने घेत असाल तर दोन. स्टॉक, म्हणजे कंपनीच्या मूळ ट्यूनवर या गाडीत गॅस अडतो तो टर्बो आणि त्याला लागून असलेल्या डाउनपाइप आणि कॅटमध्ये (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर). त्याच्या मागचा पाइप मोकळा केला म्हणून पेडलखाली फरक जाणवत नाही. पुढे स्टेज २ ट्यूनचा, म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवण्याचा, विचार असेल तर ३ इंची पाइप उपयोगी पडतो. दीड मिमी जाडीच्या पाइपात २.५ इंचीपेक्षा ३ इंचीचं आतलं क्षेत्रफळ जवळजवळ दीडपट भरतं. नुसत्या आवाजासाठी २.५ इंची पुरेसा आहे, आणि गावोगावच्या गतिरोधकांवर तोच सुखाचा. ३ इंची पाइप खाली सेंटीमीटरभर जास्त लोंबतो. मुंबई-आग्रा महामार्ग सोडून आत वळलं की हा सेंटीमीटर फार महाग पडतो.

"कॅट-बॅक" म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मागचं सगळं: जोडपाइप, रेझोनेटर, मागचा मफलर आणि टोकं. दोन्ही ऑक्सिजन सेन्सर पुढेच राहतात, म्हणून चेक इंजिनचा दिवा लागत नाही. कॅट काढून सरळ पाइप टाकला की मागचा सेन्सर लगेच चुगली करतो, पी०४२० हा कॅट नीट काम करत नसल्याचा कोड येतो आणि पेट्रोलचा उग्र वास केबिनपर्यंत येतो. ते काम या आढाव्यात नाही आणि कुणाला सुचवणारही नाही. त्या धुरात रस्त्यावरची लहान मुलं श्वास घेतात.

आता धातू. "एसएस आहे भाऊ" एवढ्यावर समाधान मानू नका. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. बाजारात २०२ ग्रेड, म्हणजेच दुकानदाराच्या भाषेत जे-फोर, सर्रास ३०४ म्हणून खपवला जातो. चुंबक लावून बघण्याचा उपाय इथे चालत नाही, कारण चुंबक दोन्हींना चिकटत नाही. उलट खऱ्या ३०४ च्या बेंडवर, धातू थंड अवस्थेत वाकवल्यामुळे, चुंबक किंचित ओढला जातो आणि माणूस उगाच घाबरतो. भंगारवाल्यांकडे नऊ व्होल्टची बॅटरी आणि थेंबाची बाटली असते, ती चाचणी करून घ्या. थेंब लाल झाला तर मॅंगनीज जास्त, म्हणजे माल २०२. दोन मिनिटांचं काम आहे आणि पाइप कापण्याआधी करायचं आहे.

मिलटेक, रेमस, अक्रापोविच यांच्यासारख्या परदेशी नावांचं किट आयात शुल्क धरून लाखाच्या पुढे जातं. इथे पाइप आणून बनवून घेतलं तर खर्च बराच उतरतो, पण मग सगळी भिस्त वेल्डरवर. जळगावात स्टेनलेसवर आर्गॉन मारणारे, म्हणजे आर्गॉन वायूच्या आवरणात वेल्डिंग करणारे, पुष्कळ आहेत. त्यातून निवड करायची तर दूध डेअरीच्या पाइपलाइनचं काम केलेला माणूस शोधा. डेअरीत पाइपाच्या आतला सांधाही गुळगुळीत लागतो, म्हणून त्या वेल्डरला पाइपाच्या आतून आर्गॉन सोडून वेल्ड करायची सवय असते. फक्त बाहेरून आर्गॉन दिला की वरून सांधा सोनेरी, सुबक दिसतो, पण आत जळक्या साखरेसारखी काळी खरबरीत पापडी धरते. ती गॅसचा प्रवाह बिघडवते आणि तिथूनच सांधा पुढे तडकतो. काम बघायला गेलात की टोकातून बोट आत घाला. काळी कणी हाताला लागली तर तिथून निघा. वेल्डिंगची तार ३०४ ला ३०४ जोडताना ३०८एल, आणि मूळ गाडीच्या साध्या लोखंडाच्या किंवा ४०९ (कमी प्रतीच्या स्टेनलेसच्या) पाइपाला ३०४ जोडताना ३०९एल. दुसऱ्या सांध्याला ३०८ वापरली तर वेल्डमधलं मिश्रण पातळ पडून सांधा ठिसूळ होऊ शकतो.

मूळ सायलेन्सर काढणं हा पहिला अडसर. फोक्सवॅगन-स्कोडाच्या बऱ्याच गाड्यांत तो कारखान्यातून लांबलचक सलग येतो आणि मागच्या सस्पेन्शनवरून अखंड निघत नाही. पाइपावर छोटे खोलगट ठिपके पंच केलेले असतात, ती कंपनीनेच दिलेली कापायची जागा. ग्राइंडर तिथेच चालवा. म्हणजे उद्या स्लीव्ह (जोडनळी) आणि दोन क्लॅम्प लावून मूळ सायलेन्सर परत जोडता येतो. वाटेल तिथे कापला तर तो भंगारात गेला समजा. कापताना पाइपाखाली जॅकचा आधार हवाच. एकदा पाइप टांगणारे मागचे रबर सुटले की सगळं वजन पुढच्या फ्लेक्झिबल पाइपवर येतं आणि त्याची जाळी फाटते. हे नुकसान त्या दिवशी दिसत नाही. महिन्याभराने थंड इंजिनावर फटफट ऐकू येऊ लागते.

टू-पोस्ट लिफ्ट असेल तर दोन माणसांचं तीन तासांचं काम. नुसत्या खड्ड्यावर किंवा स्टँडवर अख्खा दिवस धरा. गाडी रात्रभर थंड झालेली असावी आणि बोल्टांवर आदल्या दिवशीच गंज सोडवणारं तेल मारलेलं असावं. पाइप ज्यांवर टांगतो त्या हँगरच्या रबरांना मात्र तेल-ग्रीस लावू नका, रबर फुगतं. साबणाचं पाणी लावलं की रॉड सहज सरकतो. ढिले, भेगाळलेले रबर याच वेळी बदला. कडक पॉलियुरेथेनचे बसवण्याचा मोह टाळा, सगळी थरथर सीटखाली येते.

जोडणी पुढून मागे, पण सगळे क्लॅम्प आधी सैल. बहुतेक गडबड इथेच होते. मेकॅनिक पहिला क्लॅम्प पुरा आवळतो, मग दुसरा, आणि मागे पोचेपर्यंत टोकं बंपरच्या कटातून बोटभर तिरकी निघालेली असतात. मग ती जोर लावून सरळ केली जातात आणि तो पीळ कायमचा सांध्यांत राहतो. पद्धत अशी: प्रत्येक पाइपावर मार्करने ४५ ते ५० मिमीची खूण करायची, तेवढा तो दुसऱ्यात गेलाच पाहिजे. सगळं हँगरवर टांगायचं. टोकं बंपरशी जुळवायची. गाडीखाली हात घालून सगळीकडचं अंतर बघायचं: गाडीच्या पोटाखालच्या बोगद्यातल्या हीट शील्डपासून (उष्णता अडवणारा पत्रा), टाकीपासून, मागच्या सस्पेन्शनच्या दांड्यांपासून किमान १५ ते २० मिमी. मग टॉर्क पान्याने पुढून मागे आवळायचं. आकडा किटच्या कागदावरचा घ्या. एम८ च्या साध्या ८.८ बोल्टला तो साधारण २५ एनएम असतो. स्टेनलेसच्या बोल्टला न्यूमॅटिक गन लावली की आटे एकमेकांत रुततात आणि मग नट कापूनच काढावा लागतो, म्हणून आट्यांना अँटी-सीझ (आटे रुतू न देणारं वंगण) लावा. क्लॅम्पच्या बोल्टचं डोकं आडवं किंवा वर फिरवा. खाली तोंड करून ठेवलेला बोल्ट पहिल्याच गतिरोधकावर घासतो.

बंपरपाशी टोकांभोवती १० ते १५ मिमी मोकळी जागा सोडा, आणि मागेही सोडा. कारण ३०४ तापल्यावर साध्या लोखंडापेक्षा जास्त लांबतो. कॅटपासून मागचा पाइप पावणेतीन मीटरचा धरला आणि तो सरासरी ३०० अंशांनी तापला, तर सुमारे १४ मिमी वाढतो. मूळ ४०९ च्या पाइपात हीच वाढ ९ मिमीच्या आसपास. म्हणून थंड गाडीवर हँगरचे रबर किंचित पुढे झुकलेले हवेत. पाइप तापून मागे सरकला की ते सरळ होतात. गाडी थंड असतानाच सरळ टांगले तर चाळीसगावहून कन्नडचा घाट चढून झाल्यावर रबर मागे ताणलेले आणि टोकाची कड बंपरला टेकलेली सापडते. भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, थांबलेल्या गाडीखाली वारा नसतो, आणि तेव्हाच प्लास्टिक मऊ होतं.

पहिल्या स्टार्टला १०-१५ मिनिटं धूर आणि जळका वास येतो. ते पाइप बनवताना राहिलेलं तेल आहे, काळजी नको. गळती बघायची तर इंजिन थंड असतानाच चालू करून सांध्यांवर साबणाचं पाणी मारा आणि कुणाला तरी जाड फडक्याने टोकं क्षणभर दाबायला सांगा. बुडबुडा आला की तो सांधा सोडवून परत बसवा. वरून सीलंट थापणं हा उपाय नाही. १०० ते १५० किमी चालल्यावर, पूर्ण थंड झाल्यावर, सगळे क्लॅम्प पुन्हा एकदा टॉर्कवर तपासा. बऱ्याच ठिकाणी ही फेरतपासणी कामात धरलेलीच नसते, म्हणून पैसे देण्याआधी ठरवून घ्या. पुढचा पाइप सोनेरी, मग निळसर होतो. स्टेनलेसचा तो स्वभावच आहे.

आवाजाबद्दल. रेझोनेटेड किटला आठ गुण दिले ते यासाठी, की स्टार्टला भरदार, ३००० आरपीएमच्या वर खुललेला, आणि महामार्गावर बोलता येईल असा आहे. रेझोनेटर काढलेल्या किटमध्ये ड्रोन येतो, म्हणजे कानात बसणारी सलग घुमघुम. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेरीला दोन स्फोट होतात, म्हणजे २१०० आरपीएमला सेकंदाला ७०. धुळ्याहून जळगावला शंभरच्या वेगाने जाताना इंजिन साधारण याच पट्ट्यात फिरत असतं. पाऊण तासात डोकं दुखतं, मागे बसलेल्या आईवडिलांचे तर हाल. यावर बंद टोकाची जे-पाइप फांदी काढतात. तिची लांबी लहरीच्या पावपट लागते: गरम गॅसमध्ये ७० हर्ट्झला जवळजवळ १.७ मीटर. व्हीआरएसच्या पोटाखाली एवढी जागा सुबकपणे निघत नाही. त्यापेक्षा रेझोनेटर ठेवा. इथे बनवलेल्या मफलरमध्ये भरणही विचारा: जाळीच्या नळीभोवती आधी स्टेनलेसची लोकर, मग लांब धाग्याचं ग्लासवूल. आधी लोकर नसेल तर ग्लासवूल जाळीतून उडून जातं आणि सहा महिन्यांनी गाडी फाटक्या आवाजात ओरडू लागते.

कायदा थोडक्यात, पण नीट वाचा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलात बदल करू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आवाज-धुराचे निकष मोडले तर कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र. किटवर युरोपचा शिक्का असला म्हणून इथे सूट मिळत नाही. रस्त्यावर चालवायची असेल तर ही जोखीम मालकाची आहे, आणि या आवाजाने दवाखान्यातल्या रुग्णांची, शेजाऱ्यापाजाऱ्यांची झोपही मोडते.

व्हॉल्व्हवालं, म्हणजे झडप उघडून-मिटून आवाज कमीजास्त करणारं, किट आपल्याकडे घेऊ नये. काळ्या मातीचा चिखल व्हॉल्व्हच्या दांड्यावर भाजून घट्ट बसतो आणि झडप उघडीच अडकते. साध्या किटलाही पावसाळ्यात रावेर-यावलकडच्या केळीच्या रस्त्यांवरून आल्यावर, गाडी गार झाली की खालून पाणी मारा. माती मफलर आणि हीट शील्डच्या फटीत वाळली की खडखड सुरू होते आणि लोक क्लॅम्प शोधत बसतात. काढलेला मूळ सायलेन्सर दोन्ही तोंडांना प्लास्टिक बांधून, कोरड्या जागी उभा ठेवा. त्याच्यासोबत त्याच मापाची स्लीव्ह आणि दोन क्लॅम्पही आत्ताच घेऊन ठेवा.