१/३५ शिल्काचं किट: पेटीवर ‘एम’ लिहिलंय, पण आत नक्की कोणती गाडी आहे?

किट घरी येऊन तीन महिने झाले, मॉडेल मागच्या रविवारी एकदाचं पूर्ण झालं, त्यामुळे आता लिहिते. १/३५ स्केलची, म्हणजे खऱ्या गाडीच्या पस्तिसाव्या भागाएवढी, जोडून करायची प्लॅस्टिकची शिल्का आहे, झेडएसयू-२३-४, चार नळ्यांची सोव्हिएत विमानविरोधी गाडी, आपल्या आर्मीत आजही आहे ती. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, कारण जो घोळ मला सापडला तो समजून घेतलात तर शिल्काचं कुठलंही किट घेताना उपयोगी पडेल. मला सगळं मिळून ४,६०० रुपयांना पडलं, पार्सल व्यवस्थित आलं, एकही स्प्रू (ज्या चौकटीवर पार्ट असतात ती) तुटलेला नव्हता.

आधी चांगलं सांगते. प्लॅस्टिक मस्त आहे, ना ठिसूळ ना मेणचट, फ्लॅश (साच्यातून बाहेर आलेलं जादा प्लॅस्टिक) जवळपास नाहीच, आणि खालचं हल, म्हणजे गाडीचं धड, एकदम सरळ बसतं. गाडी खरी साडेसहा मीटर लांब, म्हणजे १/३५ मध्ये पावणेएकोणीस सेंटीमीटरच्या आसपास यायला हवी, मी फुटपट्टी लावून मोजली आणि बरोबर भरली. एका बाजूला सहा रोडव्हील, वरती ट्रॅक उचलून धरणारे रिटर्न रोलर नाहीत, ट्रॅक ओढणारं दातेरी चाक, ड्राइव्ह स्प्रॉकेट, मागे, हे सगळं नीट दिलंय. ट्रॅक लिंक-अँड-लेंथ (काही सुट्या कड्या, काही सलग पट्ट्या) आहेत, वरचा भाग चाकांवर टेकून जो झोल पडतो तो मोल्डमध्येच घेतलाय, विनाइलच्या ट्रॅकला दोऱ्याने खाली बांधत बसायचा ताप नाही. चाकांवरची सीम लाइन (साच्याच्या जोडाची रेघ) मात्र घासावी लागते, बारा चाकं म्हणजे एक पूर्ण संध्याकाळ गेली.

आता मुख्य मुद्दा, व्हेरिएंटचा. शिल्का म्हणजे एकच गाडी असं आपल्याला वाटतं पण तसं नाहीये. १९६२ ला सोव्हिएत सैन्याने ती स्वीकारली, १९६४ पासून सिरीज प्रॉडक्शन, ते १९८२ पर्यंत चाललं, आणि या अठरा वर्षांत गाडी बदलत गेली. १९६८ ला व्ही, १९७० ला व्ही-१, १९७३ ला एम, नंतर शत्रू-मित्र ओळखायची सिस्टिम बसवलेली एम-३. अफगाणिस्तानसाठी एम-२ केली, तिचं रडार काढूनच टाकलं आणि नाइट साइट दिली, डोंगरात विमानं पाडायची नव्हती, वरच्या कड्यावर मारा करायचा होता, म्हणून गोळ्या २,००० च्या ४,००० केल्या. पोलंडने स्वतःची ग्रोम विमानविरोधी मिसाइल लावून बियावा नावाची स्वतःची केली. म्हणजे बघा, नुसतं शिल्का म्हणून चालतच नाही, कुठली शिल्का ते सांगावं लागतं.

लांबून सगळ्या सारख्याच दिसतात, फरक बघायला जवळ जावं लागतं. व्हीमध्ये व्हेंटिलेशनची पेटी हलवर आहे. व्ही-१ मध्ये ती टरेटच्या (वरच्या फिरत्या घुमटाच्या) पुढच्या गालांवर गेली, गनच्या दोन्ही बाजूंना, त्यामुळे समोरून बघितलं की टरेट गाल फुगवल्यासारखं वाटतं. एममध्ये गन सुधारली, आधी गन लोड करायला बारूदवाले काडतूस वापरायचे ते भरवशाचं नव्हतं म्हणून हवेच्या दाबावर आणलं, आणि नळ्या थंड करणाऱ्या पाण्याचे बाहेर जाणारे वेल्ड केलेले पाइप काढून लवचिक होज दिले. ही तीन ठिकाणं डोक्यात ठेवा: हलवरची पेटी, टरेटचे गाल, गनचे पाइप. मॉडेलसाठी निम्मं काम तिथेच होतं.

आणि इथेच या किटने गोंधळ घातलाय. माहितीपत्रकात व्ही आणि एम असे दोन पर्याय दिलेत. व्हीच्या पर्यायात हलवरची पेटी लावायला सांगतात आणि दोन पानं पुढे गेल्यावर गालांवरच्या पेट्यापण लावायला सांगतात, म्हणजे व्ही आणि व्ही-१ एकाच गाडीत! मी टेबललॅम्पखाली ब्लू-टॅकने (पुन्हा निघणाऱ्या चिकट मातीने) दोन्ही गाल तात्पुरते चिकटवले, हलची पेटी ठेवली, शेजारी फोनवर फोटो उघडला आणि अर्धा तास नुसतं इकडे तिकडे बघत बसले, वाटलं आपलंच काहीतरी चुकतंय. एमच्या पर्यायात उलटं, चित्रात कडक पाइप दाखवलेत, आणि होजचे पार्ट ‘न वापरलेले’ म्हणून राखाडी रंगात टाकून दिलेत. पार्ट स्प्रूवर आहेत, चांगले मोल्ड केलेत, फक्त चुकीच्या गाडीला लावायला सांगितलेत. याचा मला राग आला, कारण साचा बनवणाऱ्या माणसाला गाडी माहिती होती, पत्रक बनवणाऱ्याने ती बघितलीच नाही. नवीन मुलगा किंवा मुलगी पत्रकावर विश्वास ठेवून चिकटवणार आणि नंतर कळल्यावर गाल सोलून काढावे लागणार, अतिपातळ सिमेंट (प्लॅस्टिकचा गोंद) लावलं असेल तर ते निघतही नाहीत. म्हणून पार्ट कापायला निपर हातात घ्यायच्या आधी ठरवा कोणती गाडी करायची, आणि त्याच एका गाडीचे तीन-चार बाजूंचे फोटो जवळ ठेवा.

हा प्रकार फक्त शिल्काचा नाही. आधी मी तामियाचं गेपार्ड केलं होतं, लेपर्ड-१ रणगाड्याच्या चॅसिसवरची जर्मन विमानविरोधी गाडी, ३५ मिमीच्या दोन ओर्लिकॉन गन. तेव्हा डच गाडी करायची म्हणून नुसते डच डिकॅल (चिकटवायची चिन्हं आणि नंबर) शोधत होते, नंतर लक्षात आलं की डच गाडीचं सर्च रडारच वेगळं आहे, इंग्रजी टी अक्षरासारखा आडवा दांडा. डिकॅल बदलून ती डच झालीच नसती.

मला आपल्या आर्मीची शिल्का करायची होती. किटमध्ये भारतीय डिकॅल नाहीत, सोव्हिएत आणि दोन अरब देशांचे आहेत. ते साहजिक आहे म्हणा, १९७३ च्या युद्धात इजिप्त आणि सीरियाकडे याच गाड्या होत्या, सॅम-६ क्षेपणास्त्रांपासून वाचायला इस्रायली विमानं खाली आली की ही त्यांना गाठायची. आपल्या गाडीच्या नंबरात सुरुवातीला जो वर टोक केलेला बाण असतो तो मी ट्रान्सफर शीटवर प्रिंट करून घेतला, पहिल्या दोन शीट फुकट गेल्या, तिसरी जमली. आणखी एक लक्षात ठेवा, आपल्याकडे जुनी शिल्का आणि भारत इलेक्ट्रॉनिक्सने अपग्रेड केलेली शिल्का अशा दोन आहेत. अपग्रेडवालीत नवीन रडार आणि नवीन इंजिन, ती नुसत्या या किटमधल्या पार्टांतून होणार नाही. तिचे फोटो हवे असतील तर २६ जानेवारी २०२१ च्या परेडचे बघा, कॅप्टन प्रीती चौधरींनी नेलेली तुकडी, गाडी चहूबाजूंनी दिसते. मी जुनी केली.

माझे मामा एअर डिफेन्स रेजिमेंटमध्ये होते, नाशिकला असतात. प्रायमर (रंगाआधीचा थर) मारलेलं मॉडेल मी त्यांच्याकडे घेऊन गेले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, मॉडेल अगदी नाकाजवळ धरलं आणि पहिलं काय बोलले तर, "अगं, हिचा आवाज कुठाय?" मग सांगत बसले, आधी छोटी टर्बाइन सुरू व्हायची, रडार आणि बाकी सगळ्याला वीज तीच द्यायची, तिची शिट्टी कानात बसायची, चार गन सुरू झाल्या की मिनिटाला तीन हजारांवर गोळ्या, कापड टराटरा फाडल्यासारखा आवाज. नळ्यांची टोकं बघून म्हणाले, "बाळा, ही बुजलेली आहेत." खरंच होतं. २३ मिमीची नळी १/३५ मध्ये ०.६६ मिमी भरते, किटमध्ये टोकाला नुसता खळगा दिलाय. घरी येऊन ०.६ चं ड्रिल बिट पिन-व्हाइसमध्ये (हाताने फिरवायच्या छोट्या ड्रिलमध्ये) लावून चारही नळ्या हाताने कोरल्या, आधी सुईने मध्य टोचून, नाहीतर बिट सरकतं. मेटल बॅरल वेगळे मिळतात पण किटच्या अर्ध्या किमतीला, मला गरज वाटली नाही.

शिल्का हे नाव सैबेरियातल्या नदीचं. तिच्याशी स्पर्धेत असलेली दोन गनवाली येनिसेईपण नदीच, रडार तोबोल, गन अमूर, सगळ्या नद्या. आपल्या नौदलात गोदावरी, गंगा, गोमती होत्या तसंच. मला हे फार आवडलं.

घ्यावं का? हो, घ्या. पार्ट चांगले आहेत, किंमत ठीक आहे, पत्रक बाजूला ठेवून फोटोवरून केलंत तर शेवटी बरोबर गाडी हातात येते. फोटो-एचची (पातळ धातूच्या पत्र्याची) जाळी एकच दिलीय, ती वाकवताना जपा. दहापैकी सात देते, पत्रक नीट असतं तर नऊ दिले असते. रडारचा हात मी चिकटवला नाही, मागे आडवा होतो तसाच हलता ठेवला, कारण रडार उभं केलं की मॉडेल दहा सेंटीमीटरच्या वर जातं आणि माझ्या शोकेसचा कप्पा नऊचा आहे. मामा आले की बाहेर काढून उभं करते.