फ्लोरिनमुक्त फोम, ३ टक्के, लेव्हल बी: नागपूरच्या उन्हात घ्यावा का?

विमानतळाच्या अग्निशमनासाठी हा फोम (३ भाग फोम, ९७ भाग पाणी) घ्यावाच. पण नुसते ड्रम बदलले म्हणजे काम झालं, असं समजू नका.

जुना एएफएफएफ (फिल्म पसरवणारा फ्लोरिनयुक्त फोम) इंधनावर पातळ फिल्म पसरवून आग झटपट दाबतो. ती फिल्म पीएफएएस या फ्लोरिनयुक्त रसायनांमुळे बनते आणि ही रसायनं निसर्गात नष्ट होत नाहीत. त्यातलं पीएफओएस २००९ साली, पीएफओए २०१९ साली स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे टिकून राहणाऱ्या घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आलं. आपला विमानतळ सोनेगावचा, तलाव जवळच, आणि उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडतात. फोमचं असं पाणी एकदा विहिरींपर्यंत पोचलं की साफ करणं फार महागात पडतं.

नव्या, फ्लोरिनमुक्त फोमला फिल्म नाही, सगळी भिस्त फेसाच्या जाड थरावर. म्हणून हवा ओढणारं नोझल बहुधा लागतं. जेट थेट इंधनात घुसवला तर फेसात इंधन मिसळतं आणि थरच पेटू शकतो. फेस आगीच्या अलीकडे जमिनीवर पाडून पुढे सरकवा. लेव्हल बी ही विमानतळ फोमची आयसीएओची (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची) पातळी; तिच्या चाचणीत ४.५ चौरस मीटरची केरोसीनची आग मिनिटाला ११.४ लिटर द्रावणाने ६० सेकंदांत विझावी लागते. प्रमाणपत्रावर कोणतं नोझल वापरलं ते वाचा, तुमचं वेगळं असेल तर निकालही वेगळा येऊ शकतो.

खरी गफलत प्रपोर्शनरमध्ये, म्हणजे पाण्यात ठरलेल्या प्रमाणात फोम मिसळणाऱ्या यंत्रात, होते. हा फोम बहुधा जास्त घट्ट असतो. जुन्या सेटिंगवर ३ ऐवजी २ टक्केच ओढला गेला तर फेस पातळ पडून लवकर निथळतो. ६,००० लिटर पाण्याच्या टेंडरला (अग्निशमन गाडीला) एका भरणीस सुमारे १८० लिटर, दोन भरण्यांना ३६० लिटर फोम हवा. मिश्रण तपासताना तुमच्याच टाकीतलं पाणी वापरा.

जुन्या फोमवर नवा ओतू नका. टाकी, पाइप, पंप निदान तीनदा धुवा, सील बदला, कारण पीएफएएस आतल्या भिंतींना चिकटून नंतर सुटत राहतं. धुण्याचं पाणीही घातक कचराच, गटारात नको.

मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. ड्रम सावलीत, काठोकाठ भरलेले आणि घट्ट बंद ठेवा; पाणी उडालं की वर साय धरते आणि गाळणी तुंबते. लेबलवरची साठवण तापमानाची मर्यादा खरेदीआधीच बघा.

फ्लोरिनमुक्त म्हणजे निरुपद्रवी नव्हे, एवढं मात्र विक्रेते सहसा सांगत नाहीत. हा फोम कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातो, मासे मरू शकतात. सरावाची जागा अस्तर घातलेल्या खड्ड्याकडे उताराची हवी. तो खर्च कोटेशनमध्ये धरूनच किंमत ताडून बघा.