‘वर्थ’ की ‘व्हालवार’?

माझा भाचा साताऱ्याहून कासला पाहुणे नेतो. ‘बघण्यासारखं आहे’ हे परदेशी पाहुण्यांना इंग्रजीत सांगू की फ्रेंचमध्ये, असं विचारत होता.

मेहनतीच्या हिशेबाने इंग्रजी सोपी. ‘वर्थ’ (त्या मोलाचं) काळ-वचनाने बदलत नाही, पुढे ‘सीइंग’ लावलं की झालं. फ्रेंचमध्ये त्याच अर्थाचं ‘व्हालवार’ (मोल असणं) हे क्रियापद. ‘व्हो’, ‘व्हाले’, ‘व्होद्रा’ ही रूपं पाठच करावी लागतात. नुसती किंमत सांगायला दोन्ही सारख्याच.

शिफारस करताना मात्र फ्रेंच खुलते. कष्टाचं चीज होईल म्हणायला ‘सा व्हो ला पेन’, बोलीत ‘सा व्हो ल कू’. आणि ‘व्हो ल देतूर’ म्हणजे वाट वाकडी करून जावं असं; रेस्टॉरंटना तारे देणाऱ्या मिशेलिन गाइडमध्ये दोन ताऱ्यांचा अर्थ हाच. सप्टेंबरातल्या फुललेल्या कासला हे अगदी चपखल बसतं.

सगळ्यांना झटपट सांगायचं तर इंग्रजी पुरे. फ्रेंच पाहुण्याला मनापासून बोलवायचं, तर ‘व्हालवार’ची रूपं घोकायलाच हवीत.