इंदूरहून सायकलने नर्मदाकाठी मुक्काम: महेश्वर की ओंकारेश्वर?

थंडी पडली की इंदुरातल्या मित्रमंडळींत तंबू घेऊन सायकलने नर्मदेवर जायचे बेत सुरू होतात आणि गाडी याच प्रश्नाशी अडते. किलोमीटर मोजून ठरवू नका. ओंकारेश्वर ८० च्या आसपास, महेश्वर जाम गेटमार्गे ९० च्या. एवढ्याने काही बिघडत नाही. बघायचं ते डोंगर उतरणारा घाटरस्ता कसा आहे आणि रात्री तंबू कुठे लागेल.

ओंकारेश्वरचा रस्ता सिमरोल, चोरल, बडवाह करत मोरटक्क्याला नर्मदा ओलांडतो. हाच खंडव्याचा मुख्य रस्ता, त्यामुळे घाटातही ट्रकांची रांग. सरावलेला माणूस निभावून नेईल, पण चार-पाच जणांत एखादा नवखा असतोच. मागून ट्रकने हॉर्न दिला की तो गडबडतो, आणि त्याच्यापायी सगळ्यांचाच जीव टांगणीला लागतो.

महूहून जाम गेटकडे वळलं की रहदारी बरीच विरळ होते. अहिल्याबाईंच्या काळातला, १७९१ चा हा दरवाजा माळव्याच्या पठाराच्या अगदी कडेला उभा आहे. पलीकडे एकदम खोल, नर्मदेच्या खोऱ्यातला निमाड दिसतो. इथे उतरून ब्रेक तपासाच. मागे तंबू-भांड्यांचं ओझं असताना ब्रेक सतत आवळून धरला तर रिमला हात लाववत नाही इतकी ती तापते. दाबत-सोडत उतरायचं, दोन सायकलींत भरपूर अंतर ठेवायचं. खाली मंडलेश्वर, आणि तिथून महेश्वर जवळच. काठाकाठाने परिक्रमावासींची वाट जाते, पण बाभळीचे काटे फार. जास्तीच्या ट्यूब हव्यातच. पाऊस पडून गेला असेल तर मात्र डांबरी रस्ता सोडू नका, काळी माती मडगार्डमध्ये भरली की चाकच फिरत नाही.

मुक्कामाला मला महेश्वरच पटतं. नदीच्या घाटांवर नाही, थोडं पुढे सहस्रधारेच्या बाजूला, शेतमालकाला विचारून बांधालगत. तिथे नदी खडकांतून अनेक धारांनी फुटते. २०२३ मध्ये खेलो इंडियाच्या कॅनो स्लालमच्या, म्हणजे खळाळत्या पाण्यातल्या नौकांच्या, स्पर्धा इथेच झाल्या, यावरून पाण्याला ओढ किती असेल ते समजा. पोहायला उतरू नका. वाळूत तंबू नकोच. वर धरणं आहेत, पाणी रात्रीतूनही चढतं. २००५ साली नर्मदेकाठच्या धाराजीला असंच सोडलेलं पाणी आलं आणि काठावरचे कितीतरी यात्रेकरू वाहून गेले. पुराने आणलेल्या वाळक्या काटक्यांची रेघ काठावर दिसते, तिच्या बऱ्याच वर तंबू लावा.

ओंकारेश्वरला शनिवार-रविवारी दर्शनाची गर्दी असते, तंबूपेक्षा धर्मशाळा बरी. मांधाता बेटाची ७ किलोमीटरची परिक्रमा सुंदर आहे, पण पायऱ्यांची. सायकल खालीच ठेवावी लागते. घरातले कोणी गाडीने मागून येणार असतील, ज्योतिर्लिंगाचं दर्शनही साधायचं असेल, तर तिकडेच जा.

परतीचा चढ दोन्हीकडे आहे. महेश्वरहून दमलेल्यांनी धामनोद गाठावं. इंदूरच्या बस मिळतात, टपावर सायकल घेतील का ते कंडक्टरला आधी विचारून घ्या आणि चढवण्याआधी पुढचं चाक काढून बांधा.